बाप बुद्धाचा, लेक मार्क्सचा

मुलगा सोळा वर्षांचा झाला की बापाने त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे आपल्याकडे जुने वचन आहे. वचन गोड आहे. पण ते पाळावयाचे कसे, हे सांगून ठेवण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. मित्राशी आपले पटते म्हणून तो मित्र. मुलाशी मात्र पटेनासे होते, नेमके तेव्हाच हे वचन आठवते!

आणि आज तर ही अडचण घरोघरची झाली आहे. मुलगा न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात, बाप डोंबिवलीत किंवा सदाशिव पेठेत. दिवाळीच्या पहाटे मोबाइलच्या पडद्यावर दोघांची तोंडे दिसतात. "फराळ पोचला का?" "पोचला." "चकल्या मोडल्या नाहीत ना?" "दोनचार मोडल्या." एवढे झाले की दोन्हीकडे शांतता पसरते आणि बाप म्हणतो, "थांब, आईला देतो." मुलाचे काम बापाला कळत नाही, बापाची मते मुलाला पटत नाहीत, आणि न पटलेल्या गोष्टींबद्दल बोलावयाचे कसे हे दोघांनाही कोणी शिकवलेले नसते. मग आपण 'पिढीचे अंतर' असे दोन शब्द उच्चारतो आणि मोकळे होतो.

हे अंतर काही नवे नाही. आणि ते मोजावयाचे झाले तर माझ्या मते एका मराठी घराइतके मोठे अंतर क्वचितच कोठे सापडेल. या घरातला बाप बौद्ध भिक्षू होऊन आला होता. गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि शेवटी अन्नत्याग करून त्याने देह ठेवला. मुलगा अमेरिकेत वाढला, हार्वर्डचा पदवीधर झाला, गणिती म्हणून जगात नावाजला गेला आणि मार्क्सचा उघड अनुयायी म्हणून जगला. बाप धर्मानंद दामोदर कोसंबी, लेक दामोदर धर्मानंद कोसंबी. गंमत अशी की दोघांचीही इंग्रजी आद्याक्षरे एकच. ग्रंथालयाच्या यादीत 'डी. डी. कोसंबी' हे नाव शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आधी विचारावे लागते, 'बापाचे पुस्तक हवे की मुलाचे?'

या दोघांनी आपल्यातले अंतर कसे सांभाळले, ते पाहण्यासारखे आहे.

घर सोडून गेलेला बाप

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यात सांखवाळ येथे झाला. शिक्षण बेताचे, प्रकृती तोळामासा आणि वाट्याला आलेले काम नारळीच्या बागा पाहण्याचे. त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. अशा या तरुणाच्या हाती 'बालबोध' मासिकाचा एक अंक पडला. मुलांसाठी चालवलेल्या त्या मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र आले होते. ते त्याने वाचले आणि याच माणसाची शिकवण मुळातून समजून घ्यावयाची, असा ध्यास त्याने घेतला.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई होती, तान्ही मुलगी होती. पुण्यास आले, ग्वाल्हेरकडे गेले, काशीस पोचले. तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म शोधण्यासाठी नेपाळात गेले, तेथे निराशा झाली. मग सिलोनला गेले, भिक्षूची दीक्षा घेतली, पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाभ्यास केला. सात वर्षे हा माणूस अनवाणी पायांनी आणि रित्या हातांनी हिंडत होता. १९०६ च्या सुमारास तो परतला, भिक्षूची वस्त्रे उतरली आणि सुटलेल्या संसाराशी धागा पुन्हा जुळला. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला. त्याला आजोबांचे नाव ठेवले, दामोदर. घरात त्याला 'बाबा' म्हणत.

परतले म्हणून धर्मानंद घरात बसले, असे मात्र नाही. कलकत्त्यात पालीच्या अध्यापनाचे त्यांना दरमहा अडीचशे रुपये मिळत होते. ते सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये पत्करले. कारण त्या पन्नासांत महाराष्ट्रात राहून काम करता येणार होते. १९१० साली हार्वर्डहून बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती करावयास घेतली होती. पण तो १८९९ मध्येच वारला होता. म्हणजे ज्या वर्षी तिकडे वॉरनच्या हातचे काम अर्धे राहिले, त्याच वर्षी इकडे गोव्यातला एक तरुण घराबाहेर पडला; आणि ते अर्धे काम आता त्याच्याकडे आले. त्या कामासाठी धर्मानंदांनी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. ग्रंथावर कोणाचे नाव कसे घालावयाचे यावरून हार्वर्डच्या प्रोफेसर लॅनमन यांच्याशी त्यांचा खटका उडाला, तेव्हा काम सोडून ते सरळ निघून आले. १९१२ ते १९१८ त्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले.

आता मुलाच्या बाजूने पाहा. पहिल्या अकरा वर्षांत त्याला बाप दिसला तो असा: कधी घरी, कधी सातासमुद्रांपलीकडे, पैशाची पर्वा नाही, मानाच्या बाबतीत मात्र तसूभरही मागे हटणे नाही. अशा बापाचा मुलाला राग येऊ शकतो, अभिमानही वाटू शकतो. त्याची सावली मात्र पडल्यावाचून राहत नाही.

पंधराव्या वर्षी एकटा

१९१८ साली धर्मानंद पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. बोस्टनजवळच्या केंब्रिज गावी दामोदरचे शिक्षण झाले. तेथल्या मुलांत तो वाढला, त्यांच्या बालवीर पथकात गेला, त्यांची भाषा त्याची झाली. आज परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांबद्दल आपण जे बोलतो, ते सारे या मुलाने शंभर वर्षांपूर्वी अनुभवले.

त्याच गावात आणखी एक बाप-लेक होते. हार्वर्डमधले धर्मानंदांचे सहकारी प्रोफेसर लिओ वीनर आणि त्यांचा मुलगा नॉर्बर्ट. हा नॉर्बर्ट पुढे 'सायबरनेटिक्स' या शास्त्राचा जनक म्हणून प्रसिद्ध झाला. लिओ वीनरने मुलाला बालपणापासून स्वतः शिकवले, चूक झाली की फैलावर घेतले, अठराव्या वर्षी त्याला डॉक्टरेट मिळवून दिली. आणि वर, मुलगा मूळचा साधाच आहे, हे सारे माझ्या शिक्षणपद्धतीचे फळ आहे, असे जाहीरही केले! मुलाने मोठेपणी आत्मचरित्र लिहिले, त्यात ती जखम स्पष्ट दिसते. दामोदर आणि हा नॉर्बर्ट यांची त्या गावात मैत्री जमली.

धर्मानंदांनी याच्या नेमके उलट केले. १९२२ साली ते हिंदुस्थानात परतले, ते मुलाला तेथेच शिकत ठेवून. दामोदरला तेव्हा नुकतेच पंधरावे पुरे होऊन सोळावे लागत होते. जुन्या वचनातले सोळावे वर्ष ते हेच! त्या वयाच्या मुलाला हजारो मैलांवर त्याच्या बुद्धीच्या भरवशावर ठेवावयाचे, याला निष्काळजीपणा म्हणणारेही निघतील. मला तसे वाटत नाही. ज्याने स्वतः सत्य शोधण्यासाठी घर सोडले, त्याला मुलाचा शोध अडवण्याचा अधिकार उरत नाही, हे धर्मानंदांनी ओळखले असले पाहिजे. आपल्यापैकी किती जणांना हे जमते? आपण स्वतः बंड केलेले असते, पण मुलाने आपल्याच बंडाच्या चाकोरीतून चालावे अशी आपली अपेक्षा असते.

दोन वर्षांनी मुलगा हिंदुस्थानात आला तो थेट वेगळ्याच जगात. धर्मानंद तेव्हा अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात, गांधीजींच्या परिवारात होते. अमेरिकन शाळेतून आलेला सतरा वर्षांचा पोर आणि खादी, सूत, प्रार्थना! १९२६ च्या जानेवारीत बाप-लेक दोघेही पुन्हा एका बोटीने अमेरिकेस गेले. बाप 'विसुद्धिमग्ग' पुरा करावयास, लेक हार्वर्डमध्ये शिकावयास. काही काळ एकाच विद्यापीठात बाप पालीच्या पोथीवर आणि मुलगा गणिताच्या वहीवर वाकलेला होता. १९२९ साली दामोदरने सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. त्याच वर्षी धर्मानंद लेनिनग्राडला बौद्ध विद्या शिकवावयास गेले होते.

दोन वाटा

येथून दोघांच्या वाटा फुटल्या. धर्मानंद १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी 'बहुजन विहार' उभा केला. मराठीत लिहीत राहिले. सोपे, सरळ, कोणालाही समजेल असे. दामोदरने काशी, अलीगढ असे करत १९३३ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयास सुरुवात केली. बाप ज्या कॉलेजात पाली शिकवून गेला, तेथेच मुलगा बारा वर्षे गणित शिकवत होता. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४४ च्या सुमारास त्यांनी गुणसूत्रांवरील अंतरे मोजण्याचे एक सूत्र मांडले, ते आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. मग डॉ. होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले आणि रोज डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करणारा हा प्राध्यापक प्रवाशांच्या परिचयाचा झाला.

मतांचे म्हणाल तर, बापाचे म्हणणे असे की दुःखाचे मूळ तृष्णेत आहे आणि अहिंसा व संयम यांवाचून माणसाची सुटका नाही. मुलाचे म्हणणे असे की समाज कसा चालतो हे समजावयाचे असेल तर माणसे पोटासाठी काय पिकवतात, कोणत्या हत्यारांनी पिकवतात आणि पिकवलेले कोणाच्या घरात जाते, हे आधी पाहा. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची इंग्रजी. एकाचा स्वभाव वैराग्याचा, दुसऱ्याचा निखाऱ्याचा. दामोदरपंतांच्या टीकेच्या फटकाऱ्यातून मित्रही सुटत नसत.

आता एवढ्यावर, हे दोघे एकमेकांपासून तुटले, असे लिहून कोणी मोकळे झाले असते. पण त्यांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली की वेगळेच चित्र दिसू लागते.

झिजलेली नाणी, झिजलेल्या पोथ्या

पोथीचा शब्द कसा तपासतात, हे धर्मानंदांच्या कामात पाहावे. 'विसुद्धिमग्ग' हा एकच ग्रंथ सिंहली लिपीत एका तऱ्हेने, बर्मी लिपीत दुसऱ्या तऱ्हेने उतरलेला असतो. नकलणाऱ्याची नजर चुकते, एखाद्या शब्दाचा अर्थ न कळल्याने तो 'सुधारला' जातो, आणि दर नकलेबरोबर मूळ थोडे थोडे झिजते. सगळ्या पोथ्या समोर ठेवून झीज मागे मागे नेत मूळ शब्दापर्यंत पोचावयाचे. येथे भक्ती कामाची नाही. बुद्धाच्या नावावर खपते म्हणून कोणतीही गोष्ट बुद्धाची ठरत नाही.

याच नजरेने त्यांनी १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेला 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ लिहिला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राला वैराग्य आले आणि मध्यरात्री सर्व झोपले असता तो गुपचूप निघून गेला, ही कथा आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते. धर्मानंदांनी जुनी सुत्ते काढून दाखवले की ही कथा मागाहूनची आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होते. शस्त्रे उगारून एकमेकांवर धावणाऱ्या माणसांना पाहून गोतमाला उद्वेग आला. आणि तो रात्री पळून गेला नाही; आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत त्याने घर सोडले, असे जुने सुत्त सांगते. घर सोडून गेलेल्या एका बापानेच हे शोधून काढावे, ही गोष्ट मनाला चटका लावते. त्याने त्या प्रसंगावरची कथेची शाल काढली आणि खाली रडणारे आईबाप उघडे ठेवले.

आता मुलाकडे वळू. दामोदरपंतांना गणिताचा उपयोग करावयास एक खरा प्रश्न हवा होता. तो त्यांना सापडला जुन्या चांदीच्या आहत नाण्यांत. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. नुसत्या ठशांच्या खुणा. मग कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवावयाचे कसे? त्यांनी तराजू घेतला. नाणे हातोहात फिरले की प्रत्येक हाताला अणूएवढे झिजते. एकाच ढिगातली, एकाच मापाने पाडलेली नाणी तोलली, तर जी अधिक फिरली ती हलकी भरणार. शेकडो नाणी तोलून, संख्याशास्त्राच्या नियमांनी त्यांची क्रमवारी लावून त्यांनी राजांच्या कालानुक्रमाचा मागोवा घेतला. १९४१ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले.

वाचकांनी जरा थांबून पाहावे. बाप पोथीची झीज मोजत होता, मुलगा नाण्याची. हत्यारे वेगळी, नजर तीच: हातोहात फिरलेली वस्तू झिजते, आणि झीज ओळखली की मूळ सापडते.

पुढे मुलगा प्रत्यक्ष पोथ्यांकडेच आला. संस्कृत पक्के करण्यासाठी त्याने भर्तृहरी निवडला. वामन पंडितामुळे भर्तृहरी मराठी माणसाच्या घरातलाच कवी. त्याच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते तपासून दामोदरपंतांनी १९४८ साली जी आवृत्ती काढली, तिच्यापुढे आजही अभ्यासक मान लववतात. आणि या वैराग्याच्या कवीबद्दल त्यांचे मत काय? हा कोणी मोठा तत्त्वज्ञ नव्हे. श्रीमंतांच्या दारात उभे राहावे लागलेल्या, आशा मारल्या गेलेल्या वर्गाचा हा कवी! पंडितांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यात भर म्हणून त्यांनी हा ग्रंथ अर्पण केला मार्क्स, एंगेल्स आणि लेनिन यांना. आणि छापला कोठे? सिंघी जैन ग्रंथमालेत. तिचे संपादक मुनी जिनविजयजी म्हणजे गुजरात विद्यापीठात धर्मानंदांचे सहकारी. जैन मुनीच्या मालेत, वैराग्याच्या कवीचा ग्रंथ, मार्क्सला अर्पण! मला तर हे एकच पुस्तक हातात धरले की बापाचे आणि मुलाचे जग एका पुठ्ठ्यात बांधलेले दिसते.

भिक्षूला जेवू कोण घालतो?

मुलाने बापाचे मत स्वीकारले नाही, पण बापाचा प्रश्न उचलला आणि एक पायरी खाली नेला. बापाने विचारले, बुद्ध खरोखर काय म्हणाला? मुलाने विचारले, ते ऐकणाऱ्या भिक्षूंना जेवू कोण घालत होते?

हा प्रश्न ऐकून हसू येईल. पण त्याच्या उत्तरासाठी दामोदरपंतांनी सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख पायाखाली घातला. कार्ले, भाजे, जुन्नर येथली लेणी अशा अवघड डोंगरात का, तर ती घाटांतून जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटांवर आहेत. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यात धेनुकाकट गावचे लोक आहेत, यवनही आहेत. पुण्यातल्या आपल्या घराच्या आसपासचे वेताळ, म्हसोबा, आयांची ठाणी, टेकडीवर सापडणारी गारगोटीची चिमुकली हत्यारे, पालांत राहणाऱ्या जमातींचे आचार, हे सारे त्यांनी इतिहासाची साधने म्हणून वाचले. १९५६ च्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या प्रस्तावनापर ग्रंथाने इतिहास लिहिण्याची रीतच बदलली, असे आज सर्वत्र मानतात.

हा प्रश्न मार्क्सकडून आला, हे खरेच. पण ज्या मुलाचा बाप काशीच्या अन्नछत्रात पानावर बसून शिकला आणि पुढे हाती भिक्षापात्र घेऊन दारोदार उभा राहिला, त्याला भिक्षूच्या पोटाची आठवण करून देण्यास केवळ पुस्तक लागले असेल, असे मला वाटत नाही. आणि पायी हिंडणे? बाप लुंबिनी, बुद्धगया, कुशिनगर अशा वाटा तुडवत गेला. मुलगा नाणेघाट, बोरघाट. दोघांचाही विश्वास खुर्चीत बसून मिळवलेल्या ज्ञानावर नव्हता.

सनातनी लोकांचा रोष तर दोघांनीही सारखाच ओढवून घेतला. प्राचीन काळी जैन साधूही मांस खात असत, असे धर्मानंदांनी लिहिले आणि जैन समाजात मोठे वादळ उठले. तरी त्यांनी आपला शब्द मागे घेतला नाही. दामोदरपंतांनी वैदिक काळच्या गोमांसाबद्दल आणि गीतेच्या सामाजिक उपयोगाबद्दल जे लिहिले, त्यानेही माणसे संतापली. इतकेच काय, स्वतःच्या पंथातल्या पोथीनिष्ठांनाही त्यांनी सोडले नाही. अधिकृत मार्क्सवाद्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी त्यांना 'ओम्' असे थट्टेचे नाव दिले होते! बौद्ध देशांतल्या भिक्षूंचे दोष 'निवेदन' या आत्मचरित्रात मोकळेपणी सांगणाऱ्या धर्मानंदांचाच हा मुलगा.

एकमेकांच्या दिशेने

अंतर कमी करावयाचे ते नेहमी मुलानेच, असे आपण धरून चालतो. धर्मानंदांनी तसे धरले नाही. अमेरिकेत असताना पन्नाशीकडे झुकलेला हा पालीचा पंडित रशियन शिकला, समाजवादाची पुस्तके वाचू लागला. पुढच्या त्यांच्या लिखाणात बुद्ध, गांधी आणि समाजवाद यांची सांगड घालण्याची खटपट सतत दिसते. मालमत्तेच्या विषमतेवर समाजवादाने बोट ठेवले ते योग्यच, पण त्याला अहिंसेची जोड नसेल तर तो तरणार नाही, असे त्यांचे मत झाले. मुलाच्या पिढीचा प्रश्न त्यांनी 'पाश्चात्त्य खूळ' म्हणून झटकला नाही. त्याचा अभ्यास केला आणि मग आपला मतभेद नोंदवला.

आणि मुलगा? तो मार्क्सवादी राहिला, पण १९५० नंतर जागतिक शांतता चळवळीत तो हिरिरीने उतरला. अण्वस्त्रांना विरोध केला, आणि हिंदुस्थानसारख्या उन्हाच्या देशाने अणुभट्ट्यांऐवजी सूर्याची शक्ती वापरावी, असे अणुशास्त्राच्या माहेरघरात बसून बजावत राहिला. त्याची किंमतही त्याला मोजावी लागली. १९६२ साली टाटा संस्थेतली त्याची नोकरी संपली. बाप धर्माकडून समाजवादाच्या दिशेने काही पावले चालला, मुलगा मार्क्सकडून शांतीच्या दिशेने. मध्ये कोठे ते भेटले की नाही, हे तपासण्याची गरज नाही. दोघेही चालत होते, आणि समोरासमोर चालत होते, एवढे दिसते.

शेवट मात्र दोघांचे वेगळेच. शरीर कामाचे उरले नाही, आता ते दुसऱ्यावर ओझे होऊ नये, म्हणून धर्मानंदांनी सेवाग्रामच्या आश्रमात अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मागे, १९४९ साली प्रसिद्ध झाले. ज्या जैन समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला, त्याच्याच जुन्या आदर्शाप्रमाणे ते गेले. मुलगा २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेत, कामाच्या भरात असतानाच गेला. वय अवघे अठ्ठावन्न.

एका फळीवरचे दोन खंड

मोठ्या ग्रंथालयात गेलात तर 'हार्वर्ड ओरिएंटल सिरीज' या मालेच्या फळीपाशी उभे राहून पाहा. तिचा ४१ वा खंड 'विसुद्धिमग्ग'. वॉरनने आरंभलेला, धर्मानंद कोसंबींनी संशोधून पुरा केलेला. खटके, वाऱ्या आणि वर्षानुवर्षांचा विलंब यांतून तो १९५० साली बाहेर पडला, तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षे झाली होती. त्याला लागून उभा ४२ वा खंड, १९५७ चा: 'सुभाषितरत्नकोश'. संपादक दामोदर धर्मानंद कोसंबी आणि फर्ग्युसनचेच बौद्ध विद्येचे पंडित वा. वि. गोखले. संस्कृत सुभाषितांचा हा संग्रह कोणी केला होता? विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने; बंगालमधल्या जगद्दल विहारात, नऊशे वर्षांपूर्वी. त्याची पोथी तिबेटातल्या मठात होती आणि तिची छायाचित्रे आणण्यात राहुल सांकृत्यायन यांचा हात होता. मुलाने प्रस्तावनेत संस्कृत काव्याच्या वर्गस्वरूपावर तोफ डागली आहे. पण ज्या पोथीवर तो वर्षानुवर्षे वाकून बसला, ती एका बौद्ध विहारातली!

मराठीचा प्राध्यापक म्हणून माझी एक खंत येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. बापाने जगाचे ज्ञान मराठीत आणले, मुलाने मराठी मुलखाचे ज्ञान इंग्रजीतून जगाला दिले. आपल्याच वेताळ-म्हसोबाचा, आपल्याच घाटांचा इतिहास आपल्या वाचकाला भाषांतरातून वाचावा लागला. त्याचा दोष कोणाला द्यावा? अकराव्या वर्षी जी भाषा मुलाच्या हाती येते, तीच तो धरतो. परदेशी असलेल्या आपल्या नातवंडांनाही उद्या हाच न्याय लावावा लागणार आहे.

पण या घरात तो हिशेबही तिसऱ्या पिढीने पुरा केला. दामोदरपंतांची कन्या मीरा कोसंबी समाजशास्त्राच्या नामवंत अभ्यासक. त्यांनी आजोबांचे 'निवेदन' आणि इतर निवडक लेखन इंग्रजीत आणले, आणि वडिलांवर अभ्यासकांचे लेख जमवून २०१३ साली एक ग्रंथ सिद्ध केला. २०१५ साली त्या वारल्या. आजोबांचे मराठी कळणारी आणि वडिलांच्या इंग्रजीत लिहिणारी ही नात नसती, तर बाहेरच्या जगाला या घरातला एकच 'डी. डी. कोसंबी' ठाऊक राहिला असता.

बापलेकांत मतांची देवाणघेवाण व्हावी, म्हणजे अंतर मिटेल, असे आपल्याला सांगण्यात येते. कोसंबींच्या घरात मते शेवटपर्यंत जुळली नाहीत. जुळली ती काम करण्याची तऱ्हा. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावयाची, स्वतःच्या पायांनी जाऊन पाहावयाचे, पैशासाठी वा मानासाठी शब्द फिरवावयाचा नाही. हे धडे धर्मानंदांनी मुलाला समोर बसवून दिले की नाही, कोण जाणे. त्यांचे जगणे मुलाच्या डोळ्यांसमोर होते, तेवढे पुरले. आपली मते मुलाने घ्यावीत म्हणून आपण जो जीव आटवतो, त्यातला थोडा आपल्या कामाची तऱ्हा त्याच्या नजरेला पडेल अशा बेताने जगण्यात घातला, तर?

यंदा दिवाळीच्या पहाटे पडद्यावर मुलाचे तोंड दिसेल, तेव्हा फराळाची चौकशी झाल्यावर त्याला एक प्रश्न विचारून पाहावा: "तू दिवसभर नेमके काय करतोस, ते मला नीट समजावून सांग." पन्नाशीकडे झुकलेल्या धर्मानंदांनी रशियन शिकावयास घेतले होते. आपल्याला तर नुसते ऐकावयाचे आहे.